१९७० च्या शेव्हेलची चाकं: सोळा महिने वापरल्यानंतर

आधी गाडीची ओळख करून देतो, कारण पुढची सगळी मापं तिच्याशी बांधलेली आहेत. १९७० सालची शेव्हरोले शेव्हेल मालिबू, दोन दारांची, ३५० घनइंची म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, तीन गिअरचा ऑटोमॅटिक. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. मी डेट्रॉईटच्या उत्तरेला ट्रॉयमध्ये राहतो, वुडवर्ड ॲव्हेन्यूपासून फार लांब नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची जी जत्रा भरते, तिच्यात उतरायचं स्वप्न घेऊनच ही गाडी घेतली.

गाडीबरोबर आधीच्या मालकाने बसवलेली चाकं आली. मागे १५ इंची, ८ इंच रुंद रिम आणि त्यावर २७५/६० आर १५ टायर, म्हणजे रुंदी २७५ मिमी, कूस रुंदीच्या ६० टक्के उंच, रिम १५ इंची. दिसायला जबरदस्त. मागून पाहिलं की वाटायचं, गाडी असावी तर अशी. नक्षीही खोल होती. पण टायरच्या कुशीवर डीओटीपासून सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे मी वाचले: ३११२. म्हणजे २०१२ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं. जुनी गाडी घेणाऱ्याने पहिल्या दिवशी हा आकडा वाचावा. कोड तीनच आकड्यांवर संपत असेल, तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे आणि त्यावर घरापर्यंतसुद्धा जाऊ नये.

टायर बदलायचे हे त्यामुळे ठरलेलंच होतं. त्याच मापाचे नवे घालून मोकळा झालो असतो, पण त्या उन्हाळ्यात कोल्हापूरहून आई-बाबा आले. बाबांनी शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर काम केलेलं. दोघांना मागच्या सीटवर बसवून मी वुडवर्डवर निघालो. एका खोलगट वळणावर मागून खर्रर्र असा आवाज आला आणि पाठोपाठ जळक्या रबराचा वास. बाबा मागून ओरडले, "थांबव, थांबव! मडगार्ड टायर खातंय."

मी एकटा असताना हे कधीच झालं नव्हतं. मागे दीडशे किलो बसले, स्प्रिंग दबल्या आणि टायर मडगार्डच्या आत दुमडलेल्या कडेला लागला. चाकाची निवड नेहमी भरलेल्या गाडीवर तपासायची, ती का, हे मला तिथे रस्त्याकडेला कळलं.

घरी आल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "रिमचं पाठीचं माप किती आहे?" मला रुंदी ठाऊक होती, व्यास ठाऊक होता, हे माप ठाऊक नव्हतं. इकडे त्याला बॅकस्पेसिंग म्हणतात. रिम पालथी ठेवायची, मागच्या काठावर सरळ पट्टी आडवी टाकायची आणि तिथपासून, रिम हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) जिथे टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मोजायचं. माझ्या मागच्या रिमचं भरलं ४ इंच. आता, ८ इंची रिम म्हणजे टायर बसतो तिथली रुंदी ८ इंच. काठापासून काठापर्यंत ती ९ इंच भरते, म्हणजे तिचा मध्य साडेचार इंचावर. पाठ चारच इंच असल्यामुळे अख्खं चाक अर्धा इंच, १२.७ मिमी, बाहेर ढकललेलं होतं. त्यावर २७५ चा टायर. निम्मी रुंदी १३७.५ मिमी, अधिक १२.७, म्हणजे हबच्या पृष्ठभागापासून टायर १५० मिमी बाहेर.

चाक निवडताना सगळे टायरच्या रुंदीबद्दल बोलतात. सोळा महिन्यांनंतर माझं ठाम मत असं, की आधी पाठीचं माप ठरवा आणि मग रुंदी बघा. २५५ चा टायर साडेचार इंच पाठीच्या ८ इंची रिमवर घातला की बाहेरचं अंतर येतं १२७.५ मिमी. बाहेरून जवळजवळ २३ मिमी जागा मोकळी झाली. आणि आतल्या बाजूला? आधी १२४.८ होतं, आता १२७.५. आत फक्त पावणेतीन मिमी सरकलं. कागदावर हे आकडे पाहिले तेव्हा बाबा इतके खूश झाले, की त्यांनी तो कागद खिशात ठेवून दिला.

अर्थात कागदावर थांबलो नाही. बाबांनी सुतळीला एक जड नट बांधून ओळंबा केला आणि दोन्ही बाजूंना मडगार्डच्या कडेवरून सोडला. दोरीपासून टायरपर्यंतचं अंतर डावीकडे आणि उजवीकडे वेगळं निघालं. ९ मिमीचा फरक! डावीकडे टायर बाहेरच्या बाजूला जास्त. या गाड्यांमध्ये हे सर्रास दिसतं: मागचा ॲक्सल चार दांड्यांनी धरलेला असतो, पन्नास वर्षांत त्यांच्या टोकांचे रबरी बुश दबून बसतात, शिवाय मूळ बांधणीतही बॉडी चासिसवर अगदी मध्यावर बसलेली असेलच असं नाही. तेव्हा एका बाजूचं माप घेऊन दोन्हीकडची चाकं मागवू नका. जी बाजू अरुंद, तीच खरी.

मग कणीक. घासतंय हे कळत होतं, पण नेमकं कुठे आणि किती, ते कळायला हवं होतं. बाबांनी आईकडून घट्ट मळलेली कणीक मागून घेतली, सुपारीएवढे गोळे करून मडगार्डच्या आतल्या कडेला हाताच्या अंतराने चिकटवले, आणि आम्ही सगळे पुन्हा त्याच वळणावर जाऊन आलो. उजवीकडचे गोळे दबून ८ मिमी जाड उरले होते. डावीकडचे दोन गोळे आरपार कापले गेले होते. हेच काम करायला दुकानात खास माती मिळते, पण कणकेने ते चोख होतं, आणि टायरला चिकटलेली कणीक पाण्याने धुतली जाते. जुन्याच रिमवर २५५ घातला असता तर दहाएक मिमी सुटले असते. डाव्या बाजूला तेवढ्यावर माझा भरवसा बसला नाही.

दुमडलेली कड ठोकून सपाट करणं हा एक पर्याय असतो. मला तो नको होता. पत्रा तापवून वाकवला तरी पन्नास वर्षांचा रंग तडकतो आणि मिशिगनमध्ये तडकलेल्या रंगाखाली हिवाळ्यातलं मीठ शिरतं.

शेवटी घेतलं ते असं. पुढे १५ बाय ७ ची रॅली व्हील, पाठ सव्वाचार इंच, टायर २३५/६० आर १५. मागे १५ बाय ८, पाठ साडेचार इंच, टायर २५५/६० आर १५. रॅली व्हील म्हणजे शेव्हरोलेने १९६७ पासून दिलेली ती लोखंडी चाकं, लांबट खिडक्यांची, मध्ये टोपी आणि कडेला चकचकीत कडं असलेली. ती या गाडीच्या अंगची वाटतात. पुढचा टायर २६.१ इंच उंच, मागचा २७, त्यामुळे गाडी नाकाकडे अर्धा इंच झुकते. एवढाच झुकाव मला हवा होता. रिम, टायर, कडी, टोप्या, बॅलन्सिंग धरून १,५०० डॉलरच्या आत-बाहेर खर्च आला.

बसवताना दोन गोष्टींची काळजी घ्या. या गाडीचे पाच स्टड (ज्यांवर चाकाचे नट आवळतात ते बोल्ट) ४.७५ इंच, म्हणजे १२०.६५ मिमीच्या वर्तुळावर आहेत. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांचं वर्तुळ १२० मिमी असतं. हातात धरलं तर ते चाक बसल्यासारखं वाटतं, पण पाऊण मिमीहून कमी असलेला तो फरक स्टड वाकवतो. बसवू नका. आणि हे स्टड ७/१६ इंची आहेत, आजच्या गाड्यांपेक्षा बारीक. टॉर्क पान्याने ७० ते ८० फूट-पाउंडांवर घट्ट करा, पहिल्या ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. हवेच्या बंदुकीने नट आवळणाऱ्या दुकानदाराला मी हात जोडून थांबवतो आणि पाना स्वतः फिरवतो.

चाकं बसल्यावर आई-बाबांना मागे बसवून तेच वळण, तीच कणीक. एकही गोळा दबला नव्हता.

आता प्रत्यक्ष वापर. सोळा महिन्यांत ४,६०० मैल, म्हणजे साधारण ७,४०० किलोमीटर. पहिले दीड हजार मैल समाधानाचे नव्हते. हायवेवर गाडी तरंगायची, स्टिअरिंग सतत धरून ठेवावं लागायचं. दोष टायरचा नव्हता. १९७० साली ही गाडी एकमेकांवर तिरप्या धाग्यांच्या बायस-प्लाय टायरवर निघाली आणि कंपनीच्या पुस्तकातलं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, त्या टायरसाठी लिहिलेलं आहे. त्यात कॅस्टरचा कोन, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे झुकाव, शून्याच्याही खाली आहे. आजच्या रेडियल टायरला तो धन बाजूला लागतो. मी ज्या दुकानात गेलो तिथल्या मुलाने संगणकात गाडीचं साल घातलं आणि पुस्तकातलेच आकडे लावून दिले. दुसऱ्या वेळी मी स्वतःचे आकडे लिहून नेले आणि एका वयस्क मेकॅनिकने पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या आर्मच्या शिम (पातळ पट्ट्या) कमी-जास्त करून कॅस्टर अडीच अंश धन केला, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) किंचित ऋण, टो-इन (चाकांची पुढची कड आत वळलेली) अगदी थोडा. त्या संध्याकाळी गाडी सरळ धावली. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत यायला लागलं. रेडियल घालून अलाइनमेंट जुनंच ठेवलं असेल तर टायरबद्दल मत बनवू नका.

हवेचंही तसंच. जुन्या गाडीवरचा हवेचा आकडा जुन्या टायरचा. मी टायरवर खडूने आडवी रेघ मारून, थोडं अंतर सरळ चालवून, रेघ कुठे पुसली जाते ते पाहिलं. पुढे ३२ आणि मागे २९ पीएसआयवर रेघ एकसारखी पुसली गेली. मागची नक्षी नवी असताना सुमारे ८ मिमी होती, आता साडेसहा आहे, आणि झीज मध्यावर व कडांना सारखी आहे.

या मापाचे पांढऱ्या अक्षरांचे रेडियल बहुतेक एस किंवा टी रेटिंगचे असतात. रेटिंग म्हणजे टायरला झेपणारा कमाल वेग: एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी म्हणजे १९०. वुडवर्डवर तेवढं पुरतं. पावसात मात्र मी सावध असतो. ओल्या रस्त्यावर सिग्नल सुटताना पायाचा थोडा जोर पडला तरी मागचं चाक फिरतं. हे टायर दिसण्यासाठी आणि टिकण्यासाठी केलेले आहेत. पकडीसाठी वेगळं रबर लागतं आणि १५ इंचात ते फारसं मिळत नाही. ही १५ इंची चाकांची सगळ्यात मोठी अडचण आहे आणि ती मान्य केली पाहिजे.

म्हणून दोन आठवडे एका मित्राच्या १९७२ च्या शेव्हेलची १७ इंची चाकं माझ्या गाडीला लावून पाहिली. पुढे २४५/४५, मागे २७५/४०. फरक पहिल्या वळणाला जाणवला. गाडी सांगितलं तिथे लगेच वळते, ओल्यात ब्रेक छान लागतो. ज्यांना गाडी शर्यतीत शंकूंमधून पळवायची आहे किंवा पुढे १३ इंची डिस्क बसवायच्या आहेत, त्यांनी खुशाल १७ घ्यावीत. पण त्या मागच्या टायरची कूस ११० मिमी उंच, माझ्या टायरची १५३. मिशिगनमध्ये एप्रिलमध्ये बर्फ वितळला की रस्त्यांना जे खड्डे पडतात, ते पाहून कोल्हापूरकरालाही घर आठवेल. मित्राची एक रिम अशाच खड्ड्यात वाकली होती. माझ्या टायरने त्याच रस्त्यावर धक्के गिळले. शिवाय या गाडीच्या मऊ चालीवर माझा जीव आहे. १७ इंचीवर ती चाल हरवली.

बारीकसारीक: मागचा टायर मूळ उंचीपेक्षा अडीच टक्क्यांच्या आत मोठा आहे, त्यामुळे स्पीडोमीटर ताशी ७० मैल दाखवतो तेव्हा गाडी पावणेबहात्तरच्या आसपास असते. नोव्हेंबर ते एप्रिल गाडी शेडमध्ये उभी असते. पहिल्या वर्षी तशीच सोडली तर टायरला चपटे डाग बसले, पंधरा-वीस किलोमीटर चालवल्यावर गेले. यंदा गाडी स्टँडवर उचलून ठेवणार. पांढरी अक्षरं तपकिरी पडतात, साबण आणि मऊ ब्रशने निघतात. कडेची चकचकीत कडी दगड-खड्याने कुरकुरतात, आतून थोडं सिलिकॉन लावल्यावर आवाज बंद झाला.

राहिलेली गोष्ट स्टेपनी. डिकीत अजून जुनं १४ इंची लोखंडी चाक आहे. पुढच्या डिस्क ब्रेकवर ते बसत नाही, मी लावून पाहिलं. म्हणजे पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं पुढे आणि स्टेपनी मागे, असे दोन चाकांचे नट भर रस्त्यात सोडावे लागतील. सव्वाचार इंच पाठीची आणखी एक १५ बाय ७ रिम शोधतोय. आणि वसंतात मागच्या दांड्यांचे बुश बदलायचे आहेत. बाबांनी फोनवर बजावलंय, बुश बदलल्यावर डावीकडे ओळंबा पुन्हा सोड आणि किती भरतं ते मला कळव.