झेडरॅम की स्वॅप फाइल?

४ जीबी रॅमचा लिनक्स लॅपटॉप, टॅब वाढले की माउसही अडखळतो. काय लावावं?

रॅम भरली की स्वॅप फाइल जास्तीचा डेटा डिस्कवर ठेवते, झेडरॅम तो दाबून (कॉम्प्रेस करून) रॅममध्येच. वेगात झेडरॅम सरळ पुढे. हार्ड डिस्कवरून एक पान (मेमरीचा छोटा तुकडा) परत आणायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. अशी हजारो पानं लागली की स्क्रीन गोठते. झेडरॅम पानं दाबून रॅममध्येच ठेवतं, काम मायक्रोसेकंदांत होतं. फेडोरा या लिनक्समध्ये आवृत्ती ३३ पासून ते आपोआप चालू असतं. स्वॅपिनेस (पानं स्वॅपमध्ये हलवण्याकडे किती कल ठेवायचा ही सेटिंग) मात्र ६० वरून १०० च्या पुढे न्या (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ५.८ पासून चालतं), नाहीतर फाइल-कॅश (रॅममध्ये ठेवलेल्या फाइलींच्या प्रती) आधी रिकामी होते.

पण फोटो-व्हिडिओचा डेटा फारसा दबत नाही, आणि हायबरनेटला (रॅममधलं सगळं साठवून लॅपटॉप पूर्ण बंद करायला) डिस्कच लागते.

हार्ड डिस्क आणि ब्राउझरपुरतं काम असेल तर झेडरॅम. हायबरनेट किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल, तर एसएसडीवर रॅमएवढी स्वॅप फाइल.