जेरोमच्या ‘गारुड्या’ची नक्कल: ॲक्रिलिक की तैलरंग?

जाँ-लेओं जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या ‘गारुडी’ (सुमारे १८७९) या तैलचित्राची नक्कल करणाऱ्या हौशी चित्रकाराला आधी घाबरवते ती मागची निळी भिंत. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या फरशांवर बेतलेली ती नक्षी ॲक्रिलिकमध्ये, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या रंगात, सोपी जाते: थर लगेच वाळतो, चुकलं की वरून रंगवायचं.

पण चित्रातल्या, अंगावर साप घेऊन उभ्या पोराच्या उघड्या पाठीपुढं ॲक्रिलिक हात टेकतं. उजेडातून सावलीत सरकणारी त्वचा ओल्यात ओलं मिसळूनच जमते, आणि तेवढी उसंत तैलरंगच देतो. जेरोमचा तो गुळगुळीतपणा, कुंचल्याचा माग न दिसणारा (मला थोडा थंडच वाटतो), तोही त्यातच साधतो. वाळायला दिवसच्या दिवस लागतात, टर्पेंटाइनचा वास येतो. तरी माझं मत तैलरंगाला. हवं तर भिंत ॲक्रिलिकनं उरकून वर तैलरंग चढवा. उलट क्रम मात्र नको, तैलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही.