१० एक्सचं भिंग, वारुळावरची अळंबी आणि स्टार ट्रेक: पूर्ण पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये १० एक्सचं, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं, ट्रिप्लेट (तीन काचा जोडलेलं) लूप घेतलं, म्हणजे सोनार वापरतात ते घडीचं भिंग, २१ एमएम काचेचं. पावसाळा आणि थंडी दोन्ही वापरून झाली म्हणून सविस्तर लिहितेय.

घ्यायचं कारण टीव्ही. स्टार ट्रेक डिस्कव्हरी मला प्रचंड आवडते, २०१७ ला सुरू झाली आणि २०२४ ला पाचव्या सीझनला संपली, त्यात यान बुरशीच्या बीजाणूंवर चालतं, विश्वभर पसरलेल्या बुरशीच्या जाळ्यातून क्षणात इकडून तिकडे जातं, आणि ते चालवणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव पॉल स्टॅमेट्स, हे अमेरिकेतल्या खऱ्याखुऱ्या बुरशीतज्ज्ञावरून ठेवलेलं नाव आहे. कुडाळात राहून दर पावसाळ्यात अळंबी शोधत फिरणाऱ्या माणसाला ही मालिका जरा जास्तच जवळची वाटते. आमच्या वारुळात जे चालतं ते काय कमी आहे का? वाळवी सुका पाला, लाकूड चावून आत नेते, त्याच्यावर बुरशी वाढवते, बुरशी ते लाकूड पचण्यासारखं करून देते आणि वाळवी तेच खाते, ही शेती साधारण ३ कोटी वर्षं चालू आहे, आणि पाऊस चांगला लागला की त्याच बुरशीच्या छत्र्या जमीन फोडून वर येतात. बटण मशरूमसारखी ही शेडमध्ये लावून पिकवता येत नाही, वाळवी लागतेच.

आता भिंगाबद्दल. पद्धत आधी समजून घ्या, भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि वस्तू जवळ आणायची, साधारण अडीच सेंटीमीटरवर फोकस लागतो, लांब धरून बघितलं तर काही दिसत नाही आणि लोक म्हणतात माल खराब आहे. पावसाळी उजेडातही चित्र स्वच्छ दिसतं, कडांना रंगाची झालर येत नाही, त्यासाठीच ट्रिप्लेट घ्यायचं. अळंबीच्या छत्रीखालचे कल्ले, म्हणजे पातळ पापुद्रे, पहिल्यांदा यातून बघितले तेव्हा मी कितीतरी वेळ खाली बसूनच होते, प्रत्येक कल्ल्याच्या धारेवर पाण्याचे बारीक थेंब, मध्येच पांढरे टाचणीच्या टोकाएवढे किडे उड्या मारतायत, आणि देठाच्या बुंध्याला मातीचे कण धरून ठेवणारे पांढरे धागे. मालिकेतलं जाळं निळं चमकतं, खरं जाळं असं मातकट आणि ओलं असतं आणि मला तेच जास्त सुंदर वाटलं.

आंबोलीच्या बाजूला एका पानाच्या खालच्या शिरेला चावा घेऊन मेलेली मुंगी सापडली, मानेमागून काळपट देठ निघालेला. द लास्ट ऑफ अस ही मालिका २०२३ ला आली तेव्हा कॉर्डिसेप्स, म्हणजे मुंग्यांना धरणारी बुरशी, सगळ्यांना कळली, ती हीच. भिंगातून त्या देठावरची फुगीर गाठ स्पष्ट दिसली आणि मुंगीचा जबडा शिरेत घट्ट रुतलेला दिसला. २०१७ च्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की ही बुरशी मुंगीच्या मेंदूत शिरत नाही, अंगभर पसरून स्नायूंभोवती जाळं विणते. मालिकेपेक्षा हे जास्त अंगावर येतं.

खायच्या बाबतीत मात्र नीट वाचा. भिंग ओळखायला मदत करतं, खायची परवानगी देत नाही. बीजाणू इतके बारीक असतात की त्यांचा आकार बघायला मायक्रोस्कोपच लागतो. त्यापेक्षा छत्री अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर उपडी ठेवून वर वाडगा झाका, सकाळी कागदावर पडलेल्या बीजाणूंचा ठसा बघा. वारुळावरचीचा गुलाबीसर येतो. गवतात येणारी एक मोठी पांढरी, तपकिरी खवल्यांची असते, तिचे कल्ले कोवळेपणी पांढरेच दिसतात पण ठसा हिरवट येतो, ती खाल्ली तर उलट्याजुलाब नक्की. फोटोवरून ओळखणाऱ्या अ‍ॅपवर तर अजिबात जाऊ नका. लसूण किंवा चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, हेही खोटं आहे, सगळ्यात घातक अशा अमॅनिटा नावाच्या अळंबीचं विष शिजवूनही जात नाही आणि लक्षणं सहा-बारा तासांनी येतात, तोवर यकृतावर परिणाम सुरू झालेला असतो. माझी काकी लहानपणापासून अळंबी काढतेय, मी भिंग काढलं की म्हणते, "गो बाय, ता मागे बघ, आधी मूळ बघ, खाली वारुळात गेलला आसा काय ता." आणि तिचं बरोबर आहे, खालपर्यंत जाणारं लांब मूळ ही पहिली खूण, आणि तिने नाही म्हटलं तर मी ती अळंबी घरी आणत नाही.

तक्रार एकच, घडीचा स्क्रू ऑगस्टपर्यंत सैल झाला, घड्याळाच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने आवळावा लागतो. आणि कोकणच्या दमटपणात काचेवरच बुरशी धरते, तेव्हा घरी आल्यावर कोरड्या सुती कपड्याने पुसून सिलिका जेलच्या पुडीबरोबर हवाबंद डब्यात ठेवा, माझी काच अजून स्वच्छ आहे. गळ्यात घालायला दोरी वेगळी घ्या, गवतात पडलं की सापडत नाही. ३० एक्स, ४० एक्स लिहिलेली स्वस्त भिंगं घेऊ नका, त्यातली बरीच तेवढी मोठी करतच नाहीत, आणि खरंच केलं तरी हात हलला की चित्र गेलं.

घेणार असाल तर मे मध्येच मागवा, म्हणजे फोकस धरायची सवय घरातल्या तुळशीच्या पानावर आधी होईल आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तुम्ही तयार असाल, कारण अळंबी वर आली की एक-दोन दिवसात कुजते.