पोकर शिकायचं फुकट अ‍ॅप, नवीन माणसाला लई कामाचं

आम्ही लातूरचे मित्र रमीवर वाढलेलो, पोकर आता शिकायलोत, ते बी पैसे न लावता ह्या सरावाच्या अ‍ॅपवर. सगळ्यात भारी म्हणजे समोरून बेट आली की हे आधी हिशोब विचारतंय, समजा पॉटमध्ये (सगळ्यांनी मधे लावलेल्या ढिगात) 100 चिप्स हायत अन् समोरच्यानं 50 लावल्या, म्हणजे 150 साठी आपल्या 50 जाणार, एकूण 200 मधल्या 50, तर निदान 25 टक्के वेळा जिंकायला पाहिजे, अन् टर्ननंतर (टेबलावरचा चौथा उघडा पत्ता) फ्लशला (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) एकच पत्ता कमी असला तर न दिसलेल्या 46 पत्त्यांत कामाचे फक्त 9, वीस टक्क्याच्याही आत, मग फोल्डच करा ना, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडा! रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) फ्लश लागल्यावर समोरच्याकडून अजून चिप्स निघणार असतील तर गोष्ट वेगळी. ब्लफचा भाग कच्चाय, पण नवख्यानं तिकडं जाऊच नये. मराठी तेवढं टाका राव.