आर्किटेक्चर प्लस अजाइलचं दोन दिवसांचं वर्कशॉप: अर्धे पैसे वसूल

आधीच सांगते, पैसे कंपनीने भरले. १४,००० फी आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे माणशी १६,५२०, आणि आम्ही तिघं गेलो होतो. स्वतःच्या खिशातून गेले असते तर हा रिव्ह्यू जरा जास्त तिखट झाला असता. संस्थेचं नाव घेत नाही, बाणेरच्या बाजूला शनिवार-रविवारची बॅच असते एवढं पुरे. विषय असा की एंटरप्राइज आर्किटेक्चर (अख्ख्या कंपनीच्या सिस्टिमचा एकत्र आराखडा) आणि अजाइल (छोट्या टप्प्यांत, बदल करत करत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत) हे दोघं एका घरात कसे नांदवायचे.

आम्ही का गेलो ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे ११ टीम, सगळ्यांचे दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे ठरावीक टप्पे, आणि टीमचे आराखडे तपासणारा आर्किटेक्चर रिव्ह्यू बोर्ड भरतो महिन्यातून एकदा, पहिल्या गुरुवारी. तो हुकला की पुढच्या महिन्याच्या गुरुवारपर्यंत दोन स्प्रिंट उलटून गेलेले असतात, मग कोण थांबतंय, टीम आपलं उरकून घेते आणि बोर्डापुढे जाऊन झालेल्या लग्नाची पत्रिका दाखवते. असं करत करत आमच्याकडे ग्राहकाचा पत्ता चार ठिकाणी सेव्ह व्हायला लागला. सांगलीच्या एका बाईंनी घर बदललं, ॲपमध्ये पत्ताही बदलला, तरी कर्जाची नोटीस जुन्या घरी गेली आणि जुन्या घरमालकाने ती फोडून वाचली. केवढा तमाशा झाला. मग वरून फर्मान निघालं की जा आणि शिकून या.

पहिल्या दिवसाची सकाळ म्हणजे रडकथा. टोगाफ म्हणजे एंटरप्राइज आर्किटेक्चरची एक प्रसिद्ध चौकट, त्यातलं ते एडीएमचं, म्हणजे आर्किटेक्चर करायच्या पायऱ्यांचं वर्तुळ, ए ते एच फेज, मधोमध रिक्वायरमेंट मॅनेजमेंट, हे सरांनी वाचून दाखवलं. अक्षरशः वाचून. एसी इतका गार की मी ओढणी डोक्यावरून घेऊन बसले होते. गंमत म्हणजे हे वर्तुळ पुन्हा पुन्हा फिरवायचं आणि आपल्या मापाने कापून-शिवून घ्यायचं असं टोगाफ स्वतःच सांगतं, त्यांच्या गाईडच्या मालिकेत एडीएम अजाइल स्प्रिंटमध्ये कसं चालवायचं यावर वेगळी गाईडसुद्धा आहे. म्हणजे ज्यासाठी आलो तेच की! त्याला मिळाली एक स्लाइड.

मग मागून एका मुलाने विचारलं की २००१च्या अजाइल मॅनिफेस्टोच्या १२ तत्त्वांमध्ये तर लिहिलंय की चांगलं आर्किटेक्चर स्वतःचं स्वतः काम ठरवणाऱ्या टीममधूनच येतं, मग आर्किटेक्टला पगार कशाला द्यायचा? सर म्हणाले, चहा घेऊ, मग सांगतो. मला वाटलं टाळलं. पण चहानंतर त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि तिथून खरं वर्कशॉप सुरू झालं.

एक काल्पनिक दूध संघ दिला. एका टेबलाने संकलन केंद्राचं ॲप करायचं, म्हणजे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ). दुसऱ्याने दर दहा दिवसांच्या बिलाचं, तिसऱ्याने पशुखाद्याच्या उधारीचं. वीस-वीस मिनिटांचे स्प्रिंट, कागद आणि स्टिकी नोट्सवर, टेबलांनी एकमेकांशी बोलायचं नाही. आम्ही बिलवाले. शेतकऱ्याचा कोड नंबर घेतला, त्याच्यापुढे रक्कम मांडली, दोन स्प्रिंटमध्ये सगळं झकास, डेमोला टाळ्या. तिसऱ्या स्प्रिंटला सरांनी तिन्ही टेबलं जोडली आणि दुसऱ्या गावाचं केंद्र आणून ठेवलं. झालं! २७ नंबरचा शेतकरी दोन्ही गावांत. कोड केंद्रापुरताच असतो हे संकलनवाल्या टेबलाला माहीत होतं, त्यातल्या एकाच्या घरी कोल्हापूरकडे गोठा आहे, पण आम्हाला कोण सांगणार? एका २७ नंबरच्या उधारीचे पैसे दुसऱ्याच्या बिलातून कापले गेले. सगळे हसले, मी नाही हसले, मला सांगलीच्या बाई आठवल्या.

सर म्हणाले, आर्किटेक्टने आधी ठरवायचं ते एवढंच, शेतकऱ्याची ओळख एकच आणि ती कोणाकडे राहणार. स्क्रीन कशी, डेटाबेस कुठला, ते टीमला करू द्या. जे नंतर बदलायला महाग तेवढंच आधी ठरवा. या एका तासासाठी मी सकाळ माफ केली.

रविवार बरा गेला. एडीआर, म्हणजे आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड, शिकवले, २०११मध्ये मायकेल नायगार्डने मांडलेली पद्धत, एका निर्णयाला एक छोटं टिपण: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, स्टेटस काय, परिणाम काय होणार. ते कोडच्याच रेपोमध्ये, म्हणजे कोड साठवतात तिथेच, ठेवायचं. आर्किटेक्चरची चित्रं काढायचं आर्ची नावाचं टूल दाखवलं, ते फुकट आणि ओपन सोर्स आहे. बिझनेस पिवळं, ॲप्लिकेशन निळं, टेक्नॉलॉजी हिरवी, त्यामुळे आमच्या मॅनेजरलासुद्धा चित्र कळलं, आणि हे मोठं सर्टिफिकेट आहे. सेफ, म्हणजे बऱ्याच टीमनी मिळून अजाइल चालवायची चौकट, मात्र शेवटच्या पाऊण तासात कोंबलं, आर्किटेक्चरल रनवे (पुढच्या कामांसाठी आधीच तयार ठेवलेला तांत्रिक पाया) म्हणजे काय हे सरांनी बॅगेत चार्जर भरता भरता सांगितलं. ज्यांच्याकडे सेफचं पीआय प्लॅनिंग, म्हणजे सगळ्या टीमचं मिळून आठ-बारा आठवड्यांचं नियोजन, चालतं ते लोक जाम वैतागले होते, आणि बरोबरच होतं त्यांचं.

जेवण ठीक, पनीर दोन्ही दिवस तेच.

ऑफिसात येऊन आम्ही काय केलं तर गुरुवारचा बोर्ड बंद नाही केला, वरच्यांना तो लागतोच. पण आर्किटेक्ट आता दर आठवड्याला टीमच्या रिफाइनमेंटला, म्हणजे पुढची कामं नीट समजून घ्यायच्या बैठकीला, अर्धा तास बसतो आणि बोर्डाकडे फक्त एकापेक्षा जास्त टीमचा मामला जातो. आत्तापर्यंत ९ एडीआर झाले, त्यातला चौथा आम्हीच सातव्याने रद्द केला. पत्ते चाराचे दोन ठिकाणी आलेत, तिसऱ्या टीमशी भांडण चालू आहे.

तर तुमच्याकडे बऱ्याच टीम असतील तर जा, पण शनिवारी चहानंतर पोचलात तरी चालेल. चार-पाच जणांची एकच टीम असेल तर पैसे घालवू नका, एडीआर लिहायला लागा, बास. आणि हो, फीमध्ये महिन्याभराने एक फॉलोअप कॉल आहे असं लिहून दिलंय, तो अजून झालेला नाही. फोन केला की पुढच्या बॅचची तारीख सांगतात.