'९० दिवसांत पहिलं पान' : एसईओ पॅकेज आठ महिने वापरल्यानंतर

इंदूरच्या रामबागेतल्या एका आर.ओ. दुरुस्तीच्या दुकानासाठी हे एसईओचं, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणण्याचं, पॅकेज आठ महिने चालू होतं. महिन्याला ९,००० रुपये, तीन महिन्यांचे आगाऊ. कोटेशनवर ठळक अक्षरांत '९० दिवसांत गूगलचं पहिलं पान, गॅरंटीसह'. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही. याच छापाचं कोटेशन घेऊन फिरणारे पुष्कळ आहेत, आणि लिंकांचा माल बहुतेकांकडे त्याच ठोक बाजारातून येतो.

अशा रिव्ह्यूत सहसा कोणी लिहीत नाही ती गोष्ट आधी. यातली एक युक्ती चालली, आणि चांगली जोरात चालली.

ती म्हणजे गूगल मॅपवरचं नाव. पाटीवर दुकानाचं साधं, आडनावावरून ठेवलेलं नाव आहे. पॅकेजवाल्यानं मॅपवर त्याच्या पुढे 'आर.ओ. रिपेअर वॉटर प्युरिफायर सर्व्हिस इंदूर' एवढं शेपूट जोडलं. दुसऱ्याच आठवड्यात मॅपखाली येणाऱ्या पहिल्या तीन दुकानांत ते दिसायला लागलं. कारण सरळ आहे. गूगल स्वतःच सांगतं की स्थानिक निकाल तीन गोष्टींवर ठरतात : शोधाशी संबंध, अंतर आणि दुकानाचा नावलौकिक. नावात शोधाचाच शब्द असला की पहिली बाजू फुकटात भक्कम होते. अंतर मात्र हलत नाही. रामबाग, चिमणबाग, राजवाडा या पट्ट्यात दुकान वर आलं, पण विजयनगरात उभं राहून शोधलं तर नावही नाही. पॅकेजवाल्याच्या रिपोर्टमधले सगळे स्क्रीनशॉट दुकानाच्या दारातून काढलेले होते, हे उशिरा ध्यानात आलं.

मॅपवर खरं, पाटीवरचं नावच द्यायचं हा गूगलचा लेखी नियम आहे, आणि 'बदल सुचवा' हे बटण कोणालाही दाबता येतं. शेजारच्या स्पर्धकानं ते दाबलं. नाव परत साधं झालं, पॅकेजवाल्यानं पुन्हा शेपूट लावलं. पाचव्या महिन्यात प्रोफाइल सस्पेंड. नेमका मे महिना, म्हणजे या धंद्याचा हंगाम. सस्पेंड म्हणजे मॅपवरून दुकान गायब, आणि त्याबरोबर खऱ्या गिऱ्हाइकांचे जुने रिव्ह्यूही दिसेनासे. अपील करता येतं, पण फॉर्म भरल्यावर पुरावे चढवायला ६० मिनिटंच मिळतात. म्हणून गुमाश्ता, जीएसटीचं प्रमाणपत्र, वीजबिल आणि पाटीचा स्पष्ट फोटो हे सगळं आधी एका फोल्डरमध्ये तयार हवं. आणि अपिलाच्या आधी नाव दुरुस्त करायला हवं. कागदांवर एक नाव आणि मॅपवर शेपटासकट दुसरं, अशा अवस्थेत अपील टाकलं तर तो पुरावा आपल्याच विरुद्ध जातो. पॅकेजवाल्यानं तेच केलं. दुसऱ्या खेपेला नीट कागद गेले तेव्हा प्रोफाइल परत आलं. मधे २२ दिवस गेले.

आता बॅकलिंक, म्हणजे इतर साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंका, ज्यांच्या नावावर पॅकेजचे निम्मे पैसे होते. दर महिन्याला एक्सेलची यादी, तीनशेच्या आसपास लिंका, शेजारी रकाना : 'डीए ४०+'. डीए (डोमेन ऑथॉरिटी) हा साइटचं वजन सांगणारा, मॉझ नावाच्या कंपनीनं काढलेला अंदाजाचा आकडा आहे, गूगल तो वापरत नाही. तो फुगवताही येतो. यादीतली कोणतीही दहा डोमेन (साइटचे पत्ते) घ्या आणि साइटची जुनी रूपं साठवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये उघडा. एक कधीकाळी शाळेची साइट होती, एक कुठल्या संस्थेची. मुदत संपल्यावर कोणीतरी डोमेन उचललं आणि आता त्यावर ऑनलाइन रमी, झटपट कर्ज आणि मधेच 'आर.ओ. रिपेअर इंदूर', असे लेख ओळीनं लावलेले. थीम सगळीकडे तीच, नेमसर्व्हर तोच, म्हणजे सगळ्यांमागे हात बहुधा एकच. दुसरी खूण अँकर टेक्स्टची, म्हणजे ज्या शब्दांवर लिंक असते त्यांची. खरे लोक लिंक देतात तेव्हा दुकानाचं नाव लिहितात, नुसता पत्ता चिकटवतात, किंवा 'इथे बघा' म्हणतात. या यादीत जवळजवळ प्रत्येक लिंक त्याच तीन शब्दांवर होती.

परिणाम? मुख्य शोधशब्दावर साइट ३८ व्या क्रमांकावरून १४ पर्यंत आली, सहा आठवडे राहिली आणि परत ३५ वर. पॅकेजवाला म्हणाला, 'गूगलची पेनल्टी'. साइट शोधात कशी दिसते हे मालकाला दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, गूगलच्या माणसांनी केलेल्या कारवाईचं म्हणजे मॅन्युअल अॅक्शनचं पान बघितलं तर कोरं. पेनल्टी नव्हतीच. एप्रिल २०१२ मध्ये गूगलचा पेंग्विन अपडेट (क्रम लावण्याच्या पद्धतीतला बदल) आला तेव्हा असल्या लिंकांमुळे साइट खरोखर खाली ढकलली जायची. २०१६ पासून गूगल बहुधा त्या लिंका मोजायच्याच सोडून देतं, आणि डिसेंबर २०२२ च्या अपडेटपासून हे काम स्पॅमब्रेन ही यंत्रणा करते. म्हणजे साइट कोणी पाडली नाही, खालचा विकतचा टेकू काढून घेतला आणि ती आपल्या मूळ जागी बसली.

यावर पुढचं बिल तयार होतं : 'लिंक डिटॉक्स', ६,००० रुपये. हे घेऊ नका. काम म्हणजे 'या लिंका मोजू नका' असं गूगलला सांगणारी डिसअव्हाउ फाइल : साधी टेक्स्ट फाइल, प्रत्येक ओळीवर एक डोमेन, बस. मॅन्युअल अॅक्शन आलेली नसेल तर सहसा तिची गरजच नसते. आलीच, तर दोन गोष्टी अडवतात. डिसअव्हाउचं साधन सर्च कन्सोलमधल्या 'डोमेन' प्रकारच्या प्रॉपर्टीवर (साइटच्या नोंदीवर) चालत नाही, पूर्ण पत्त्याची वेगळी प्रॉपर्टी जोडावी लागते. आणि नवी फाइल चढवली की जुनी पुसली जाते, त्यामुळे दर वेळी पूर्ण यादी द्यायची.

गावांची पानं हा सगळ्यात हास्यास्पद भाग. देवास, महू, पीथमपूर, सांवेर, राऊ आणि इंदूरच्या कॉलन्या मिळून ६४ पानं, मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. विजयनगरच्या पानावर 'भेडाघाटजवळच्या विजयनगरात तत्पर सेवा' असं वाक्य होतं. विजयनगर जबलपुरातही आहे, मजकूर बनवणाऱ्या यंत्रानं तिथलं उचललं, आणि तपासायला माणूस कोणी नव्हता. ६४ पैकी ४९ पानं सर्च कन्सोलमध्ये 'क्रॉल केलं, पण निर्देशांकात नाही' या रांगेत पडून राहिली, म्हणजे गूगलनं वाचली पण शोधात घेतली नाहीत. अशा पानांना गूगल 'डोअरवे' म्हणतं. बीएमडब्ल्यूची जर्मन साइट २००६ मध्ये यासाठीच निकालांतून काढून टाकली होती. ती काही दिवसांत परतही आली. मोटारीची कंपनी शोधात दिसली नाही तर गूगलचीच अडचण होते, रामबागेतलं दुकान दिसलं नाही तर कोणाचं काही अडत नाही.

ही पानं काढताना एक चूक हमखास होते : गूगलनं काय उघडावं, काय नाही हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये तो फोल्डर बंद करणं. मग गूगलला पान उघडताच येत नाही, त्यामुळे ते गेलं हे कळतच नाही आणि पत्ता महिनोन्महिने यादीत लटकतो. दार उघडं ठेवून ४१०, म्हणजे 'पान कायमचं काढलंय', हे उत्तर द्यायचं.

साइटच्या तळपट्टीत पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'राजवाडा, राजबाडा, रजवाडा' असे सात उच्चार भरलेले सापडले. पान उघडून कंट्रोल-ए दाबलं की दिसतात. उच्चारांचे असे फरक गूगल स्वतःच जुळवून घेतं, त्यामुळे उपयोग शून्य. साइटच्या कोडमध्ये पाच ताऱ्यांचं रेटिंगही घुसवलं होतं. स्थानिक दुकानानं स्वतःच्या साइटवर स्वतःला दिलेले तारे गूगलनं सप्टेंबर २०१९ पासून दाखवणंच बंद केलंय. म्हणजे पॅकेज विकणाऱ्याचं ज्ञानही शिळं.

पॅकेजमध्ये भाडोत्री क्लिकही होते. क्लिक विकत घेणं मात्र तेवढं बिनबुडाचं नाही. लोक कशावर क्लिक करतात हे गूगल निकालांच्या क्रमासाठी वापरतं, हे गूगलवरच्या अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात गूगलच्या शोध विभागातले पांडू नायक यांच्या २०२३ मधल्या साक्षीतून पुढे आलं. नॅवबूस्ट ही त्यांची यंत्रणा १३ महिन्यांचा डेटा ठेवते. आता ज्या यंत्रणेत तेरा महिन्यांची खरी वागणूक साठलेली आहे, तिच्यापुढे रोजचे वीस भाडोत्री क्लिक काय टिकणार? अॅनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवरच्या भेटींच्या नोंदीत, ते ओळखू येतात : दोन-तीन सेकंदांची भेट, दुसरं पान नाही, फोनच्या बटणाला हात नाही.

रिव्ह्यू चाळीस आले, दोन दिवसांत. त्यातल्या एकानं त्याच आठवड्यात जयपूरच्या दातांच्या डॉक्टरला आणि कोचीच्या जिमला पाच तारे दिले होते. एकानं लिहिलं, 'टेस्टी फूड, नाइस अॅम्बिअन्स'. आर.ओ.च्या दुकानाला. गूगलनं त्यातले ३१ काढले. अशा प्रकारात गूगल काही काळ नवे रिव्ह्यू घेणं थांबवू शकतं आणि प्रोफाइलवर तशी सूचनाही लावू शकतं, म्हणजे खरं गिऱ्हाईक चांगलं लिहायला आलं तरी दार बंद. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे, पण ते ऐच्छिक असल्यानं त्याची भीती कोणाला नाही.

इथपर्यंतचं नुकसान दुकानाचं. गिऱ्हाइकाच्या खिशाला लागतं ते पुढचं. न सांगता सहा पानं अशी बनवली गेली होती की शीर्षकात मोठ्या ब्रँडचं नाव आणि पुढे 'अधिकृत सेवा केंद्र, इंदूर'. फोन करणाऱ्या बाईंना वाटतं कंपनीचाच माणूस येणार. मशीन वॉरंटीत असतं, येणारा ७५ जीपीडीचं (दिवसाला ७५ गॅलनचं) बाजारातलं मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, बसवून पैसे घेतो, आणि पुढे कंपनीकडे तक्रार केली की उत्तर मिळतं, बाहेरच्यानं मशीन उघडलंय. याला एसईओ म्हणू नये, ही तोतयेगिरी आहे, आणि ब्रँडच्या नावाचा असा वापर ट्रेडमार्कच्या कायद्यातही सापडतो. दुकानाला याचा पत्ता लागला तो फोनवरून. शोधांत दिसण्याचा आकडा तिपटीनं वाढला होता, फोनही थोडे वाढले होते, पण वाढलेल्यांत 'कंपनीतूनच बोलताय ना?' असं विचारणारेच जास्त. 'नाही' म्हटलं की फोन बंद. तक्रारवहीत 'नंबर कुठून मिळाला' हा एक रकाना पहिल्या दिवसापासून ठेवला असता तर हे दुसऱ्याच महिन्यात कळलं असतं. सर्च कन्सोल दिसणं आणि क्लिक मोजतं, बोहनी नाही.

गॅरंटीचं काय? ती कागदावर पुरी झाली. वीस शब्दांच्या यादीतले अकरा पहिल्या पानावर आले. त्यातला एक : 'सर्वोत्तम आर.ओ. मेम्ब्रेन बदल सेवा रामबाग इंदूर'. आठ महिन्यांत हा शोध सर्च कन्सोलमध्ये नऊदा दिसला, आणि त्यातलेही बरेचसे पॅकेजवाल्याच्या क्रमांक तपासण्याचे असणार. यादी कोण ठरवतं हे सही करण्याआधी बघा. लोक 'आर ओ वाला नियर मी' असं काहीतरी रोमन हिंदीत टाइप करतात, तसे शब्द या यादीत एकही नव्हते.

पॅकेज बंद झाल्यावर दरपत्रकाचं एक पान टाकलं : सेडिमेंट, कार्बन, मेम्ब्रेन यांचे दर, बोअरिंगच्या पाण्याला काय लवकर जातं आणि नर्मदेच्या पाण्याला काय, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) किती असला तर आर.ओ. लागतच नाही. ६४ पानांना मिळून जेवढे क्लिक यायचे, त्याहून जास्त या एकट्या पानाला येतात.

घ्यायचंच असेल तर एवढं तपासा : मॅप प्रोफाइलचा मुख्य मालक तुमचा ईमेल हवा, पॅकेजवाला फक्त मॅनेजर. डोमेन आणि सर्च कन्सोलही तुमच्याच नावावर. इथे उलटं होतं. ताबा मागितला की समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस असतात, नव्या मालकाला जुन्याला काढायला आणखी सात दिवस थांबावं लागतं, आणि तेवढ्या वेळात मॅपवरचा फोन नंबर बदलणं पॅकेजवाल्याच्या हातात असतं.