रोजची गोळी की फोड उठले की गोळी?

जननेंद्रियावरच्या हर्पीसचं निदान झालं आणि पहिला धक्का ओसरला की डॉक्टर विचारतात: फोड उठतील तेव्हाच काही दिवस गोळ्या घ्यायच्या, की फोड असोत नसोत, रोज घ्यायच्या? चार वर्षांपूर्वी मला हे विचारलं गेलं तेव्हा काय उत्तर द्यावं ते सुचलं नव्हतं. आता मी दोन्ही करून पाहिलं आहे. दोन्ही पद्धतींत विषाणू शरीरातून जात नाही, मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. म्हणून तिथून पुढचं सांगतो.

आधी नावाचा घोळ. घरात ‘हर्पीस’ हा शब्द कानावर पडला की कुणीतरी ‘नागीण’ म्हणतंच. नागीण वेगळी, ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. दोन तोंडं जुळली तर काय, ही भीती इथे मनात आणू नका आणि लेप लावून देणाऱ्याकडेही जाऊ नका.

हर्पीसच्या विषाणूचे दोन प्रकार आहेत, १ आणि २. गोळीचा निर्णय मात्र प्रकार कळल्याशिवाय घेऊ नये असं मला वाटतं. प्रकार १ जननेंद्रियावर झाला तर पहिला झटका जोराचा असू शकतो, पण पुन्हा उलटण्याचं प्रमाण बरंच कमी असतं. प्रकार २ वारंवार येतो, विशेषतः पहिल्या वर्षात. म्हणजे रोजच्या गोळीचा विचार बहुतेक वेळा प्रकार २ वाल्यांनी करायचा.

प्रकार कळण्याचा सरळ मार्ग म्हणजे ताज्या फोडातून स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर नमुना, घेऊन पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी. फोड सुकून खपली धरली की ती संधी हुकते. माझी पहिल्या वेळी हुकली, कारण मी लाजेपोटी पाच दिवस कुणालाच दाखवलं नाही. मग रक्ताची तपासणी केली. लॅबच्या पॅकेजमध्ये दोन्ही प्रकारांचं मिळून एकच आयजीएम (लागणीनंतर लवकर तयार होणारी प्रतिपिंडं मोजणारी चाचणी) होतं आणि ते पॉझिटिव्ह आलं. आयजीएम म्हणजे नवी लागण, असं मी कुठेतरी वाचलं होतं. त्या एका ओळीवरून घरात आठवडाभर आमचं नीट बोलणं झालं नाही. त्वचारोगाच्या मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि समजावलं, की आयजीएम जुना आजार उलटल्यावरही वर येतं आणि प्रकारही धड सांगत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या मार्गदर्शनातही ही चाचणी करू नये असंच म्हटलंय. तो आठवडा आम्हाला परत मिळणार नाही, म्हणून हे लिहितोय. गरोदरपणात टॉर्च तपासणीत (बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची एकत्र रक्ततपासणी) हर्पीसचं आयजीएम पॉझिटिव्ह आलं म्हणून हादरलेल्या घरांनाही हेच सांगेन.

आयजीजी, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रतिपिंडांची चाचणी, त्यामानाने उपयोगाची, पण ती प्रकारानुसार वेगळी करणारी हवी, म्हणजे ग्लायकोप्रोटीन जी या विषाणूच्या प्रथिनावर आधारलेली. लागणीनंतर बारा आठवडे तरी जाऊ द्यावेत. त्याआधीच्या निगेटिव्हवर विसंबू नये. रिपोर्टमध्ये प्रकार २ च्या आयजीजीचा आकडा (इंडेक्स) १.१ ते ३ च्या मध्ये आला तर तो खोटा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता बरीच असते, दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी लागते. आणि विषाणू नेमका कुठे आहे, हे रक्त सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतले जगातले सुमारे ६४ टक्के लोक प्रकार १ बाळगून आहेत, बहुतेकांना तो लहानपणीच तोंडावाटे लागलेला. तेव्हा प्रकार १ ची आयजीजी पॉझिटिव्ह आली म्हणून खालचे फोड त्याचेच, असं होत नाही. मला उत्तर मिळालं ते दुसऱ्या वेळच्या स्वॅबमधून: प्रकार २.

आता गोळ्या. सुरुवात मी ‘फोड उठले की’ या पद्धतीने केली, आणि तिच्या बाजूने सांगण्यासारखं पुष्कळ आहे. वर्षातून एक-दोनदाच त्रास होत असेल तर रोज औषध कशाला? असायक्लोव्हिर हे विषाणूला दाबणारं औषध स्वस्त आहे आणि सहज मिळतं. त्याच जातीचं व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असं तीन दिवस घेतलं तरी काम होतं. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’ या गुप्तरोगांच्या दवाखान्यातही उपचार आणि समुपदेशन मिळतं. मलमाच्या ट्यूबवर मात्र पैसे घालवू नका. खालच्या फोडांवर तिचा फायदा फार थोडा.

माझी अडचण वेगळीच निघाली. या गोळ्या नीट लागू पडायच्या तर पहिली गोळी फोड उठल्यापासून एका दिवसात, किंवा त्याआधीच्या चुणचुणीतच पोटात जायला हवी. माझी नोकरी फिरतीची. मराठवाड्यात एसटीने किंवा जीपने तासन्‌तास बसून जायचं, उन्हाळ्यात घामाने मांड्या काचतात, चुणचुण तर रोजचीच. मग ही चुणचुण ती की घामाची? लॉजवर पोचलं की दार लावून आधी आरसा. काही दिसलं नाही तरी मन मानायचं नाही. तीनदा मी उगाच गोळ्या सुरू केल्या. दोनदा खरी चुणचुण घामाची समजून सोडली आणि दुसऱ्या सकाळी फोड. एकदा तर गोळ्या घरी कपाटात आणि मी जिंतूरला. रात्री साडेनऊला मेडिकलमध्ये चार गिऱ्हाइकांसमोर औषधाचं नाव घ्यायला जीभ उचलेना. फोड आठवड्यात बरे व्हायचे. त्यांच्यावर पाळत ठेवणं मात्र वर्षभर चालू असायचं, आणि त्यानेच मी थकलो.

तेव्हा मॅडमनी व्हॅलासायक्लोव्हिर ५०० रोज एक सुरू केली. असायक्लोव्हिर ४०० दिवसातून दोनदा घेतलं तरी चालतं, पण संध्याकाळची गोळी माझ्याकडून चुकली असती. रोजच्या गोळीने उलटण्याचं प्रमाण ७० ते ८० टक्क्यांनी घटतं असं सांगतात. माझं आधी वर्षात सात वेळा झालं होतं, नंतरच्या वर्षात एकदा. एकाच माणसाचा हा हिशोब आहे, तेवढंच त्याला वजन द्या. वर्षात दहा किंवा अधिक वेळा उलटत असेल तर ५०० कमी पडू शकते, डॉक्टर मात्रा वाढवतात.

दुसरं कारण माझी बायको. तिच्या रक्तात प्रकार २ नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १,४८४ जोडपी होती, प्रत्येकात एकालाच प्रकार २. बाधित जोडीदाराने आठ महिने रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतल्यावर दुसऱ्याला लागण झाली १.९ टक्के जोडप्यांत. नुसती दिसायला तशी गोळी घेतलेल्यांत ३.६ टक्के. धोका निम्म्यावर येतो, संपत नाही. फोड नसतानाही विषाणू त्वचेवर येतो. म्हणून निरोध आम्ही सोडलेला नाही आणि चुणचुण असेल त्या दिवसांत जवळ येत नाही. तरी ‘फोड उठले की’ पद्धतीत मधल्या महिन्यांत तिच्यासाठी मी काहीच करत नव्हतो, हे मला खटकायचं. तिला मी तसं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग घ्या ना रोज. बीपीची घेतातच की लोक.”

रोजची गोळी सगळ्यांनाच सोयीची असं मी म्हणणार नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलावी लागते, तेव्हा आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहून घ्या आणि पाणी भरपूर प्या. बाळाचा विचार असेल किंवा दिवस गेले असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांपासून काही लपवू नका. शेवटच्या महिन्यातल्या गोळ्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. प्रकार १ असेल आणि वर्षभरात काहीच उलटलं नसेल, तर मीही बहुधा चार-सहा गोळ्या पाकिटात ठेवून निवांत राहिलो असतो.

वर्षातून एकदा गोळी थांबवून पाहावी का, हे डॉक्टरांशी बोलावं, कारण काळ जातो तसा हा आजार आपोआप विरळ होतो. गेल्या पावसाळ्यात मी थांबवली होती. तीन महिन्यांत दोनदा फोड आले, तेही हलके. फोडांचं मला फार वाटलं नाही. पण सेलूच्या लॉजवर दार लावून मी पुन्हा आरशासमोर उभा राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन करून गोळी सुरू केली.